डाव्या हाताने उघडणारी पक्कड

पुठ्ठ्याचे गठ्ठे बांधणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे तारामावशी म्हणत. कागदोपत्री नाव वेगळंच होतं, पण नऊ वर्षं गठ्ठ्यांना तारा बांधत होती म्हणून तारामावशी. हजेरीला खऱ्या नावाने पुकारा झाला की ती स्वतःच क्षणभर इकडेतिकडे बघायची, आणि मग "अगं बाई, मीच की!" म्हणून हात वर करायची.

काम सांगायला सोपं होतं. शहरातल्या दुकानांची रिकामी खोकी ट्रक भरभरून यायची. ती प्रेसच्या पोटात टाकायची आणि हिरवं बटण दाबायचं. वरून जाड लोखंडी प्लेट उतरायची आणि माणसाच्या उंचीचा ढीग दाबून पेटीएवढा करायची. प्लेट दाबून बसलेली असतानाच तिच्या खाचांतून चार तारा ओवायच्या, एकेकीची टोकं पिळून गाठ मारायची आणि मग प्लेट वर घ्यायची. दाबलेला पुठ्ठा मोकळा झाला की अंग फुगवतो आणि चारही तारा टणटणीत ताणल्या जातात. तारामावशी मग प्रत्येक तारेवर नखाने टिचकी मारायची. आवाजावरूनच तिला कळायचं, कुठली गाठ नीट बसली आणि कुठली रुसली.

तार मात्र साधी नव्हती. तीन मिलिमीटर जाड, कडक पोलादी. हाताने वाकायची, पण साध्या पकडीला अजिबात दाद द्यायची नाही.

त्या सोमवारी सकाळी स्टोअरवाले मामा खोकं घेऊन प्रेसपाशी आले. कारखान्यात त्यांना सगळेच मामा म्हणत, पण तारामावशीचे ते खरेखुरे मामेसासरे होते, तिच्या सासूचे धाकटे भाऊ. तिला इथे चिकटवलं तेही त्यांनीच. खोक्यात बारा मल्टिटूल होती, घडी करून खिशात मावणारी, चकचकीत. उघडलं की पक्कड, आणि दांड्यांच्या पोटात चाकू, पेचकस, कानस असला सगळा संसार.

"घ्या, प्रत्येकी एक," मामा म्हणाले. "अठरा कामं करतं म्हणे. दाढीच्या बोटांचं झालं तसं पुन्हा व्हायला नको म्हणून साहेबांनी मंजूर केलं. पट्ट्याला अडकवायचं आणि इथे सही करायची."

तारामावशीने वही वाचली. लिहिलं होतं : 'मिळाले, तपासले, कामास योग्य आहे.'

"तपासू का मग?" तिने विचारलं.

"तपासायचं काय त्यात? नवंकोरं आहे."

तिने खाली पडलेला तारेचा तुकडा उचलला, पकडीच्या जबड्यात घातला आणि दोन्ही हातांनी दाबलं. तार वाकली. तिने पुन्हा दाबलं. कट्ट असा आवाज आला, पण तो तारेचा नव्हता. जबड्याच्या धारेला भाताच्या शितापेक्षाही बारीक खळगा पडला होता. तारेवर नुसता ओरखडा.

प्रेसवर तिच्या जोडीला असणारी, जिना न चढता पहिल्या मजल्यावर डोकावू शकेल इतकी उंच आणि म्हणून जिला सगळे शिडी म्हणत, ती खोक्यातलं दुसरं मल्टिटूल उघडून बघत होती. "मावशी, यात नखं घासायची कानस आहे," ती म्हणाली. "म्हणजे बोटं गेली तरी उरलेली नखं झकास राहतील."

दोनतीन जण हसले. मामा हसले नाहीत.

"सूनबाई," ते आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या नावावर मागवलंय हे सगळं. तू सही कर. तुझ्यामागून बाकीचे करतील."

"म्हणून तर करत नाही, मामा."

मामांनी तिच्याकडे असं पाहिलं की शिडीने हातातलं मल्टिटूल हळूच खोक्यात परत ठेवलं. मग त्यांनी वही मिटली आणि खोकं काखेत मारून निघून गेले.

दाढीचं काय झालं होतं ते तारामावशीने पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, तिचा हात त्यात होता. दाढी म्हणजे शेजारच्या प्रेसवरचा माणूस, छातीपर्यंत दाढी रुळणारा. पाच महिन्यांपूर्वी गाठ पिळताना त्याच्या हातमोज्याचं बोट तारेत गुंतलं आणि प्लेट वर गेली. तार ताणली आणि मोज्यातल्या दोन बोटांना तिने गळफास घातला. मोटर नेमकी तेव्हाच बंद पडली, त्यामुळे प्लेट परत खाली घेता येईना. तारामावशी धावत गेली. नवऱ्याने बाजारातून आणून दिलेली छोटी घडीची पक्कड तिच्या खिशात होती. तिने ती तारेला लावून जीव खाऊन दाबली. पकडीचा दांडा वाकला. तार तशीच. तार तोडायची मोठी कातर स्टोअरच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मामांकडे आणि मामा फाटकावर ट्रक मोजायला गेलेले. किल्ली येईपर्यंत साडेचार मिनिटं गेली. तेवढा वेळ दाढी ओरडत नव्हता. तो तिच्या डोळ्यांत बघत, अगदी हळू आवाजात, "मावशी, काप. मावशी, काप," एवढंच म्हणत होता.

दोन्ही बोटं गेली. आता तो झाडू मारायचा. तिला कधी एका शब्दाने बोलला नाही, उलट दिसली की मान डोलवायचा. त्या मान डोलवण्याचा तिला धसका होता.

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. मामांनी बहिणीला फोन केला होता.

जेवताना सासूबाई बोलल्या नाहीत. ताटं वाढली, पाणी ठेवलं, पण सगळं तारामावशीच्या डोक्यावरून बघत. शेवटी त्या मुलाला म्हणाल्या, "ज्याने बोट धरून आत नेलं, त्याचंच नाक कापायचं. चार माणसांत. बरं आहे."

"आई, नाक नाही कापलं. तारही कापली जात नव्हती त्या पकडीने," तारामावशी म्हणाली.

"तुला प्रत्येक गोष्टीत थट्टा सुचते."

"थट्टा नाही. ते तसलं पट्ट्याला लावून मुली निर्धास्त होतील. काहीच नसलेलं बरं, निदान माणूस भिऊन काम करतो."

सासूबाई ताट उचलून आत गेल्या. त्या रात्रीपासून त्यांनी सुनेशी बोलणं टाकलं.

नवरा शिंपी होता. शाळेचे आणि इस्पितळाचे गणवेश बेतणाऱ्या दुकानात दिवसभर कापड कापायचा. मामांपुढे त्याची बोलती बंद व्हायची, लहानपणापासूनच. अंथरूण घालताना तो म्हणाला, "सही करून टाक ना. आणि तुला हवी तशी पक्कड आपण घेऊ, गुपचूप. कुणाचं काही जात नाही."

"पक्कड घेणारच आहे. पण सही नाही करणार."

तो थोडा वेळ उशीचा अभ्रा उगाचच सारखा करत राहिला. मग म्हणाला, "तू तार जबड्याच्या टोकाशी धरलीस की पोटाशी?"

"म्हणजे?"

"जाड कापड कात्रीच्या टोकाने कधी कापत नाहीत. जिथे दोन पाती जोडलेली असतात ना, खिळ्यापाशी, तिथे घालायचं. सगळा जोर तिथे असतो. पक्कड घेताना तिथली धार बघ. तिथे तारेला बसायला जागा नसेल तर घेऊच नकोस."

नवरा मामांसमोर तिची बाजू घेणार नव्हता हे तिला ठाऊक होतं. पण जे त्याच्याकडे होतं ते त्याने दिलं. तेवढ्यावरच समाधान मानून ती झोपली.

दुसऱ्या दिवशी सुटी झाल्यावर ती अवजारांच्या दुकानात गेली. डब्याच्या पिशवीत तारेचे वीतभर लांबीचे आठ तुकडे होते. दुकान अरुंद आणि खोल होतं, भिंतींवर छतापर्यंत करवती आणि पाने टांगलेले. गल्ल्यावर चष्मा कपाळावर चढवलेले एक आजोबा बसले होते.

"तार तोडणारं मल्टिटूल दाखवा," ती म्हणाली.

आजोबांनी तीन मांडली. तिने पिशवीतून तार काढली.

"हे काय?"

"कापून बघते."

"बाई, ही काही चप्पल नाही, पायात घालून चार पावलं चालून बघायला. धारेला खळगा पडला तर मी विकू कुणाला?"

"खळगा पडला तर तुम्ही मला तेच विकणार होतात, असं नाही का झालं?"

आजोबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि तिला नीट पाहिलं. "कशाला लागतं?"

तिने सांगितलं. दाढीचंही सांगितलं, दोन वाक्यांत. आजोबांनी तीनपैकी एक उचलून आपणहून मागे फळीवर ठेवून दिलं. मग वाकून खालच्या खणातून आणखी एक काढलं. ते जाडजूड होतं, चकाकी नव्हती.

पहिल्याने तार कापली, पण दोन्ही हातांनी, ओठ चावून. दुसऱ्याला खिळ्यापाशी तारेसाठी वेगळी खाच होती, नवऱ्याने सांगितली तशी. त्याने तार चटकन तोडली. तिला हायसं वाटलं. ती ते घडी करून परत उघडायला गेली आणि थांबली.

"आजोबा, माझं उजवं मनगट धरा."

"काय?"

"धरा हो. घट्ट."

आजोबांनी संकोचत तिचं मनगट गल्ल्यावर दाबून धरलं. तिने डाव्या हाताने मल्टिटूल उघडायचा प्रयत्न केला. दोन्ही दांडे एकमेकांपासून दूर करायला दुसरा हात हवाच होता. तिने दातांत धरून पाहिलं, मांडीवर घासून पाहिलं. उघडेना. दुकानाच्या दारात उभं असलेलं एक गिऱ्हाईक हा प्रकार बघून आल्या पावली परत गेलं.

"एक हात तारेत असेल तर उघडायला दुसरा एकच उरतो," ती म्हणाली. "हे नको."

खणातून काढलेलं तेवढं उरलं होतं. त्याची पक्कड घडीची नव्हती, झटका दिला की दांड्यांतून पुढे सरकून खट्कन अडकायची. पहिला झटका फुकट गेला. दुसऱ्याला जबडा बाहेर आला. तिने आजोबांना मनगट सोडू दिलं नाही. तारेचा तुकडा गल्ल्याच्या कडेला दाबून खाच त्यावर बसवली आणि डाव्या हाताने दाबलं. तार तुटेना. तिने तळहात बदलला, दांड्याच्या अगदी टोकाला धरलं आणि पुन्हा दाबलं. तुकडा उडून करवतींवर आपटला.

"धारेची पाती बदलता येतात यात," आजोबा म्हणाले. "खराब झाली की स्क्रू काढायचे, नवी बसवायची. आता सोडू का हात? माझाच दुखायला लागला."

उरलेल्या सगळ्या तारा तिने तिथेच कापल्या. धारेवर बोट फिरवलं. खळगा नव्हता. तीच घेतली.

मग आठवडाभर ती घरात, चुलीपाशी, बस थांब्यावर, जिथे सापडेल तिथे डाव्या हाताने झटका मारत बसायची. खट्. खट्. सासूबाई आवाज ऐकून कपाळाला आठ्या घालायच्या. कारखान्यात मामा समोरून आले तरी बघायचे नाहीत. बारापैकी नऊ मल्टिटूल वाटून झाली होती, नऊ सह्या झाल्या होत्या. शिडीने सही केली नव्हती, पण मॅनेजरसाहेबांनी तिला दोनदा विचारलं होतं आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर ती करणार हे उघड होतं.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला ते घडलं.

गठ्ठा दाबून झाला होता. तीन तारा बांधल्या होत्या. चौथीची गाठ मारून ती खाचेत नीट बसवायला तारामावशीने उजवा हात आत घातला होता. वेटोळ्यातून काढलेल्या तारेच्या अंगात पीळ असतो, सोडली की ती परत गोल व्हायला बघते. तसंच झालं. उरलेलं टोक उसळलं आणि तिच्या मनगटाला एक वळसा देऊन गाठीत अडकलं. ती ते सोडवणार तेवढ्यात मागच्या दारातून ट्रकवाला ओरडला, "झालं का?" आणि आतून कुणीतरी त्याला ओरडून सांगितलं, "झालं!"

बटणापाशी शिडी उभी होती. तिला वाटलं, मावशीच म्हणाली.

प्लेट वर गेली.

तारामावशीच्या तोंडून आवाज फुटायच्या आत पुठ्ठा फुगला, तार ताणली, आणि वळसा मनगटात रुतला. हात खाचेतून ओढला जाऊन प्लेटच्या कडेखाली गेला.

"बंद!" ती किंचाळली.

शिडीने लाल बटणावर मूठ मारली. प्लेट चार बोटं वर जाऊन थांबली. शिडीने वळून पाहिलं. "मी खाली घेते, मावशी, खाली घेते..."

"हात लावू नकोस!"

शिडीचं बोट हिरव्या बटणावर टेकलं होतं.

"खाली घेतलीस तर हात चिरडेल. प्लेटच्या कडेखाली आहे. बघ इकडे. बोट काढ. काढ ना!"

शिडीने बोट काढलं. वर घेतली तर तार मनगट कापणार, खाली घेतली तर प्लेट हात ठेचणार. आणि तिसरी गोष्ट दोघींनाही ठाऊक होती. प्रेसमधलं तेल अडवणारी सील झिजली होती. बंद केलेली प्लेटसुद्धा पुठ्ठ्याच्या रेट्याने केसाकेसाने वर सरकायची. लेखी तक्रार दोनदा दिली होती. तारामावशीला ते सरकणं आता मनगटात कळत होतं.

शिडी "मामा! कातर!" असं ओरडत धावायला लागली.

"तू थांब! तू इथेच थांब. दाढी जाईल."

दाढी झाडू टाकून केव्हाच धावला होता.

तारामावशीने डावा हात कमरेला नेला. पक्कड उजव्या बाजूला लावलेली होती. सवयीने. आठवडाभर झटके मारले, पण ती कुठल्या बाजूला लावायची हा विचार केला नव्हता. प्रेसला अंग चिकटलेलं, हात पोटावरून पलीकडे पोचेना.

"शिडे, माझ्या पट्ट्याची पक्कड. काढ. हातात दे."

शिडीने दोन्ही हातांनी ओढलं, पण पट्ट्याचं बटण निघेना. मग निघालं. पक्कड डाव्या तळहातात आली. झटका. उघडली नाही. तळहात घामाने ओला होता. तिने तो पॅन्टवर पुसला, परत धरली, झटका. खट्.

आता कापायचं कुठे? मनगटापाशी तार कातडीत एवढी रुतली होती की मध्ये नखही जाईना. तिथे पक्कड घातली तर आधी मांस कापलं गेलं असतं. खाली, गठ्ठ्याच्या तोंडावर तीच तार उभी ताणलेली होती, पण पुठ्ठ्यात बोटभर आत बुडालेली. तिथेच कापायला हवी होती. आणि ताणलेली तार तुटली की चाबकासारखी उसळते, ते तिने नऊ वर्षांत पुष्कळदा पाहिलं होतं. एकदा तर तुटलेल्या टोकाने पत्र्याला भोक पाडलं होतं.

"चाकू उघड यातला. तारेच्या दोन्ही बाजूंचा पुठ्ठा काप. खोल. तारेला लावू नकोस."

शिडीने पुठ्ठा कापला, फाडला, नखांनी ओरबाडून काढला आणि चाकू मिटून पक्कड मावशीच्या हातात परत दिली. तारामावशीची बोटं जांभळी पडायला लागली होती. दुखणं होतं तोवर बरं होतं. आता अंगठ्यात काही कळेनासं झालं, आणि तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

मामा धापा टाकत आले. हातात मोठी कातर होती, मागे दाढी. मामांनी कातरीचा जबडा तारेला भिडवला. जबडा मुठीएवढा जाड, तो त्या फटीत शिरेना. त्यांनी तिरका घालून पाहिला, आडवा घालून पाहिला. गठ्ठ्याला धक्का बसला तशी तारामावशी कळवळली.

"मामा, राहू द्या ते."

"अगं, थांब, जाईल, जरा..."

"मामा!"

आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्यावर ओरडली. ते थांबले.

"ते पोतं घ्या. वरून तारेवर धरा, दुपदरी. दाबून. तोंड फिरवा. दाढी, तुम्ही खालून धरा. शिडे, माझ्या हातावर हात ठेव."

मामांनी पोतं उचललं, तारेवर दाबून धरलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

तिने जबड्याचं टोक तारेखाली सारलं. टोकाशी नाही, पोटाशी. पक्कड आणखी आत ढकलली, आणखी, तार खिळ्यापाशीच्या खाचेत बसल्याचं हाताला कळेपर्यंत. मग डाव्या हाताने दाबलं. दाबच लागेना. दुकानात गल्ल्याचा आधार होता, इथे हात अधांतरी होता. तिच्या मुठीवर शिडीने मूठ आवळली.

"दांड्याच्या टोकाला धर. वर नको, टोकाला. आता."

दोघींनी दाबलं. काही झालं नाही. प्लेट आणखी केसभर सरकली.

"मावशी, जाणार नाही ही..."

"जाईल. परत. श्वास घे आणि दाब."

शिडीने डोळे मिटले आणि आपलं सगळं उंच अंग त्या एका मुठीवर टाकलं.

बंदुकीसारखा आवाज झाला. पोतं उडालं, मामांच्या तोंडून "आई गं" निघालं, आणि तारामावशीच्या मनगटाचा वळसा एकदम सैल पडला. तिने हात ओढून घेतला. मग ती तिथेच, पुठ्ठ्याच्या कपट्यांत, खाली बसली. उजवा हात मांडीवर होता, पण कुणीतरी दुसऱ्याचा आणून ठेवल्यासारखा. पाच बोटं. तिने डाव्या हाताने एकेक धरून मोजली. दाढी समोर उकिडवा बसला होता. तोही ओठ हलवत मोजत होता.

मामांच्या कोपराच्या खाली पोत्यातूनही तारेचा लाल वळ उठला होता. तो हात छातीशी धरून ते उभे होते. "दवाखान्यात चला," ते म्हणाले, आणि मग कुणाशी बोलतोय ते विसरल्यासारखे पुन्हा म्हणाले, "चला, दवाखान्यात चला."

हाड शाबूत होतं. सात टाके पडले. अंगठ्याकडे जाणारी शीर दबली होती. दोन महिने अंगठा बधिर राहील, डॉक्टर म्हणाले, त्यानंतर बहुतेक जाग येईल. 'बहुतेक' हा शब्द तिला आवडला नाही, पण डॉक्टरांकडे दुसरा नव्हता.

कारखान्यात चौकशी झाली. सील बदलली. बटण दाबायच्या आधी दोघींनीही हात वर करून दाखवायचा, नुसत्या आवाजावर विश्वास ठेवायचा नाही, असा नियम लागला. मोठ्या कातरीचं कुलूप कायमचं निघालं. चौकशी करणाऱ्यांनी मामांना विचारलं, ती बारा मल्टिटूल तपासली होती का. मामांनी सांगितलं, नाही. सूनबाईने तपासली होती, मी ऐकलं नाही. एवढं त्यांनी वर मान करून सांगितलं, असं शिडी नंतर सांगत आली. तारामावशीला मात्र ते कधी काही म्हणाले नाहीत. तिच्या घरी यायचेही बंद झाले. लाज होती की राग, ते तिला उमगलं नाही. तिने विचारलंही नाही. पुढे स्टोअरमधून जे मागवायचं त्याचे नमुने आधी तिच्या बाकावर यायला लागले, सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. नुसती वस्तू.

शिडी तीन दिवस कामावर आली नाही. चौथ्या दिवशी तारामावशीच्या घरी आली आणि दारातच रडायला लागली. तारामावशी म्हणाली, "रड, पण आत येऊन रड. तू दारात उभी राहिलीस की घरात अंधार पडतो." त्यावर ती रडता रडता हसली, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

बँडेज असेपर्यंत तारामावशीला स्वतःचे केस विंचरता येत नव्हते. नवरा प्रयत्न करायचा, पण कापड बेतणारा तो हात वेणीला मात्र घाबरायचा. पाचव्या दिवशी ती तशीच, केसांचं टोपलं घेऊन खिडकीपाशी बसली असताना मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासूबाई कंगवा घेऊन बसल्या होत्या.

त्यांनी काही न बोलता विंचरायला सुरुवात केली. हात जड होता. गुंता आला की त्या सोडवायच्या नाहीत, सरळ ओढायच्या. तारामावशीचं डोकं प्रत्येक ओढीला मागे जात होतं. तिने दात आवळून धरले.

"दुखतंय तर बोलावं माणसाने," सासूबाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांतलं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं.

"दुखतंय, आई."

कंगवा थांबला. मग त्यांनी केसांची ती बट मुळाशी मुठीत धरली, आणि गुंता खालच्या टोकापासून, एकेक केस वेगळा करत, सोडवायला घेतला.